नुमाइशीचे खांब

"पाणी लागेल," मी म्हणाले आणि टँकरच्या रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

माझ्यासमोर कोअर कटरचं मशीन होतं. काँक्रीट आतून कसं आहे हे बघायचं, तर पोकळ नळीसारख्या पात्यानं त्यातून एक दंडगोल तुकडा कापून काढतात. त्याला कोअर म्हणतात. टरबूज घेण्याआधी दुकानदाराला चीर काढून दाखवायला सांगतो, तसलाच प्रकार. फरक एवढाच की काँक्रीट कापताना पातं भयंकर तापतं, म्हणून त्याच्यावर सारखं पाणी सोडावं लागतं. एका कोअरला तीन-चार घागरी सहज जातात. मला सहा खांबांचे कोअर हवे होते.

टँकर दोन दिवसांतून एकदा यायचा. तो नेमका मी तपासायला आले होते त्याच इमारतीच्या आवारात उभा राहायचा, कारण गावात सावली म्हणावी अशी ही एकच जागा उरली होती.

तहसीलचा क्लार्क मदतीला तयारच होता. "मॅडम, तुम्ही फक्त सांगा. चार ड्रम बाजूला काढून ठेवतो. सरकारी काम हाय."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "खांबाला पाजा आधी, बाई. आमचं काय, आमी हावंतच की."

मी माझ्या लॅब अटेंडंटला, गंगाधरला सांगितलं, "मशीन जीपमध्ये ठेवा. कोअर कॅन्सल. आपण ड्रिलनं पावडर काढू. त्याला पाणी लागत नाही."

ह्या एका निर्णयाचा मला पुढे काही महिने फार अभिमान होता. नांदेडला घरी, ऑफिसात, सासरच्या लग्नात, जिथं संधी मिळेल तिथं मी तो प्रसंग सांगायचे. आज मला तो सांगताना जीभ जड होते. पाणी वाचवलं ह्याचं दुःख नाही, ते आजही वाचवीन. दुःख पुढचं आहे.

मी तेव्हा बांधकाम खात्याच्या नांदेडच्या प्रयोगशाळेत होते. सिमेंट, वाळू, खडी, सळई तपासायची आणि कागदावर पास-नापास लिहायचं. डिग्री सिव्हिलची, पण जीव केमिस्ट्रीत. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याकडे ऑफिसं होती पण खुर्च्या नव्हत्या, खुर्च्या होत्या तर फाइली नव्हत्या. उस्मानाबादहून ट्रकनं येणाऱ्या जुन्या नकाशांतले निम्मे कुठल्या कपाटात गेले ते देवाला माहीत. लॅब तर नव्हतीच. म्हणून लातूरकडचं तपासणीचं काम आमच्या गळ्यात. वर पाऊस सलग दोन वर्षं दगा देऊन गेलेला.

इमारत देवणीकडच्या रस्त्यावर एका गावात होती. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. निजामाच्या काळात तिथे जनावरांचं आणि पिकांचं प्रदर्शन भरायचं, उर्दूत नुमाइश, त्यासाठी बांधलेला तो हॉल. गावाच्या तोंडी तिचं नाव अजून नुमाइशच. नुमाइशीत बसलो होतो, नुमाइशीपाशी भेटू, असं. भिंती नाहीतच, नुसत्या खांबांच्या दोन रांगा आणि वर कमानींवर पेललेला स्लॅब. मराठवाड्यात त्या काळात लोक चुना आणि दगड वापरत होते, तेव्हा कुणीतरी इथे काँक्रीट ओतलं होतं. बैलगाडीतून सिमेंट आणलं असेल. पहिल्यांदा आत गेले तेव्हा बाहेर अंग भाजत होतं आणि आत डोक्यावरचा पदर काढावासा वाटला, इतकं गार होतं.

प्रश्न साधा होता. देवणी जातीचे बैल आणि वळू पाळणाऱ्यांनी अर्ज केला होता, की दुष्काळात जनावरांची छावणी नुमाइशीत उघडा. तहसीलदारांनी विचारलं, छत सुरक्षित आहे का? आहे, असा दाखला असेल तर छावणी इथे. नसेल तर गावाबाहेरच्या उघड्या माळावर, आणि इमारत पाडायची. तो दाखला माझ्या सहीनं जायचा होता.

अर्जावर पहिला अंगठा बसप्पांचा होता. सत्तरीचे, कपाळाला विभूतीचे पट्टे, धोतर गुडघ्यापर्यंत. त्यांचा वळू तिसऱ्या खांबाला बांधलेला होता. अंग पांढरंशुभ्र आणि तोंड काळं. त्या रंगाला वाणेरा म्हणतात, हे त्यांनीच मला सांगितलं. पंचक्रोशीतली निम्मी वासरं त्याची.

"शरणार्थ, बाई," ते म्हणाले. "लई दिस चालंल का हे?"

"दोन दिवस, आप्पा."

"मग सांगनार का, छावनी हितं का माळावर?"

"रिपोर्ट आल्यावर."

"रिपोर्ट कुनाचा? तुमचाच न्हवं?"

"माझाच."

"मग आत्ताच सांगा की. तुमच्या मनात काय हाय ते."

मी हसले. "मनातलं लिहून चालत नाही, आप्पा. तपासावं लागतं."

"तपासा, तपासा. पर लवकर. ह्याला ऊन सोसत न्हाई." त्यांनी वळूच्या वशिंडावरून हात फिरवला. "माळावर झाड न्हाई एक बी."

मी कामाला लागले. आधी हॅमर. हा ठोकायचा हातोडा नव्हे. नळीत स्प्रिंग असते, ती काँक्रीटवर दाबली की आतला दांडा आपटून मागं उसळतो. जितका जास्त उसळेल तितका पृष्ठभाग कणखर. आकडे फार चांगले येत होते. इतके चांगले की मला संशय आला. जुनं काँक्रीट वरून कडक होत जातं आणि हॅमरला फसवतं, हे आम्हाला शिकवलेलं. मी वहीत लिहिलं, "हॅमरवर विश्वास नको."

मग डोळ्यांनी पाहणी. एका कोपऱ्यातल्या तुळईतून सळई उघडी पडली होती, गंजून फुगलेली. तिथं पन्हाळ फुटून वर्षानुवर्षं पाणी मुरलं होतं. आणि खांबांवर, जवळजवळ सगळ्याच खांबांवर, काळपट तेलकट डाग. दुष्काळात सगळं करकरीत वाळलेलं असताना हे डाग कसे? मी मनाशी ताडलं, आतून काहीतरी बाहेर येतंय.

म्हणून पावडर महत्त्वाची. काँक्रीटमध्ये मीठ, म्हणजे क्लोराइड शिरलं की आतली सळई गंजते. गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरून इमारत धडधाकट, आतून पोखरलेली. ड्रिलनं भोक पाडून पीठ गोळा करायचं आणि लॅबमध्ये त्यातलं मीठ मोजायचं. नियम असा, की पहिल्या इंचाचं पीठ फेकून द्यायचं, कारण वरच्या थरात धूळ, घाण, काय वाट्टेल ते असतं. सळईच्या खोलीवरचं पीठ वेगळ्या पुडीत घ्यायचं. आणि एकाच उंचीवरून घ्यायचं नाही. खाली, मध्ये, वर, तिन्हीकडून घ्यायचं.

हे सगळं मला पाठ होतं. पण वीज दिवसातून चार तास. ड्रिलचं बिट बोथट, खोल जाईना. शिडी आणायला माणूस गेला तो परत आलाच नाही. मी उभी राहून, जिथं हात आरामात पोचतो तिथं, छातीच्या थोडं वर, सहाही खांबांना भोकं पाडली. जे पीठ आलं ते सगळं एका खांबाचं एका पुडीत भरलं. पहिला इंच फेकला नाही. फेकला असता तर पुडीत उरलंच काय असतं?

आप्पा शेजारी उकिडवे बसून जुन्या नुमाइशीच्या गोष्टी सांगत होते. कोण कुठून यायचं, कुणाच्या बैलाला पदक मिळालं. मी "हं, हं" करत होते. लक्ष सगळं बिटकडे. त्यांना एक प्रश्न विचारला असता तर? हा प्रश्न मी स्वतःला आजवर किती वेळा विचारला त्याला गणती नाही.

नांदेडला येऊन पुड्या तपासल्या. पाण्यात उकळायचं, गाळायचं, मग सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानं सोडत रंग बदलायची वाट बघायची. रंग बदलेचना. थेंब पडतच राहिले. सहाच्या सहा खांबांत मीठ, तेही समुद्राकाठच्या इमारतीला लाजवेल इतकं. मला तर आनंद झाला, खोटं कशाला बोलू? हॅमर खोटा ठरला आणि माझी केमिस्ट्री खरी.

आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर मुळेसाहेब. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"लातूरच्या आजूबाजूला समुद्र कुठून आला हो?" त्यांनी विचारलं.

"वाळू खारी असेल, सर. किंवा बांधताना खारं पाणी वापरलं असेल. जुने कागदच नाहीत."

"कोअर का नाही घेतले?"

मी टँकरची गोष्ट सांगितली. त्यांनी रिपोर्ट मिटला. मग म्हणाले, "बरोबर केलंत. पण मग तुम्हाला खात्री आहे?"

"आहे, सर."

"त्या जागेवर नवीन ऑफिस व्हावं असं लातूरच्या लोकांना वाटतंय, ते मला माहीत आहे. पण मी तुम्हाला काही सांगत नाही. जे असेल ते लिहा."

हे सांगून ठेवते, कारण ही गोष्ट ऐकली की लोक लगेच विचारतात, वरून कुणी दाबलं होतं का? कुणीही दाबलं नव्हतं. जे लिहिलं ते माझ्या बुद्धीनं लिहिलं.

मी लिहिलं, की इमारत वापरास अयोग्य, दुरुस्तीच्या पलीकडे, पाडावी.

आठवड्यात नुमाइशीला तारेचं कुंपण पडलं. मी धोक्याची पाटी लावायला गेले होते. आप्पांनी खांबावर पितळी तांब्या वाजवून दाखवला.

"ऐका की बाई. घंटीवानी वाजून ऱ्हायलाय. हे काय पडतंय?"

"वरून वाजतं, आप्पा. आतून गेलंय. उद्या जनावरांसकट माणसं अडकली तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी शिकलेल्या. तुमी म्हनता तर गेलं असंल." आणि वळू सोडून ते माळाकडे चालायला लागले. भांडले असते तर बरं झालं असतं.

नंतर दीड-दोन महिन्यांनी दुष्काळी कामात एक काम निघालं. नुमाइश पाडायची, तिचीच खडी फोडायची आणि ती रस्त्याला टाकायची. गावच्या लोकांना रोजगार मिळेल आणि जागाही मोकळी होईल. कागदावर छानच दिसत होतं. तिथले मुकादम रहीमभाई, पाथरवटाच्या घराण्यातले, दगडाची नस ओळखणारे. त्यांनी नांदेडला निरोप धाडला, बाईंना एकदा यायला सांगा.

मी गेले. स्लॅब बराचसा उतरवला होता. खांब मात्र उभे होते. बायका हातोडे बाजूला टाकून बसल्या होत्या.

"मॅडम," रहीमभाई म्हणाले, "हातोडे फुटून राहिले, खांब फुटंना. दोन छिन्न्या गेल्या. तुम्ही तर लिहिलं होतं सडलाय म्हणून?"

"आतून सडलाय."

"आतूनच तर दाखवून राहिलो. या इकडं."

त्यांनी एक खांब मोठ्या घणांनी अर्धा फोडला होता. आतली सळई दिसत होती. काळी-निळी, तुकतुकीत, भट्टीतून निघाली तेव्हा असेल तशी. गंजाचा ठिपका नाही. मी बोटानं घासून बघितलं. बोट स्वच्छच राहिलं.

माझ्या पर्समध्ये फेनॉल्फ्थॅलीनची बाटली असायची. ते साधं द्रव आहे, काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर टाकलं आणि गुलाबी झालं तर समजायचं की आतली सळई सुरक्षित आहे. मी टाकलं. सगळा तुकडा गुलाबी झाला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. रंगपंचमीसारखे तुकडे माझ्याभोवती पडले होते आणि गंगाधर ते गोळा करत होते.

त्या दिवशी मी नियमानं पीठ काढलं. वरच्या इंचाचं वेगळं, आतलं वेगळं. खालचं, मधलं, वरचं वेगळं. तीन दिवसांनी लॅबमध्ये उत्तर मिळालं. मीठ फक्त छातीच्या उंचीवर होतं आणि तेही फक्त वरच्या थरात. आत काही नाही. पायाशी काही नाही, माथ्याला काही नाही. एका उंचीवर हात फिरवावा तसा मिठाचा पट्टा, प्रत्येक खांबाला.

असा पट्टा वाळूतून येत नाही. पाण्यातूनही येत नाही. कुणीतरी लावल्याशिवाय येत नाही.

मी माळावर गेले. छावणीला कडब्याचं छप्पर घातलेलं होतं, पण ते अर्धंमुर्धं, वाऱ्यानं उडालेलं. आप्पा एका रिकाम्या दावणीपाशी बसले होते. वळू कुठे आहे असं विचारलं आणि विचारल्याबरोबर कळलं, विचारायला नको होतं.

"गेला," ते म्हणाले. "उन्हानं. दुपारी खाली बसला तो उठलाच न्हाई. डाक्टर आला हुता, पर उशीर झाला."

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. विचारलं, "आप्पा, नुमाइशीच्या खांबांना कुणी मीठ लावायचं का?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"समदेच लावायचे की. साहेब बैल तपासाया आला की बैलानं मान वर करून, पाय बरोबर टाकून निवांत हुबं ऱ्हायला पायजे. तवाच वशिंड उठून दिसतंय. पर बैल कुठं ऐकतोय? मग काय करायचं, खडेमीठ ओलं करायचं आन् खांबाला घासायचं. बैलाच्या तोंडाच्या जरा वर. बैल मान ताणून चाटत ऱ्हातो, साहेब मागून बघत ऱ्हातो. माझ्या बापानं लावलं, म्या लावलं. ज्येचा त्येचा खांब ठरलेला." मग त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "का वो बाई?"

मी सगळं सांगितलं. खांब चांगले होते. मी जिथं भोकं पाडली तिथं नेमकं ते मीठ होतं, ते काळपट डागही त्याचेच. मी वरचं पीठ फेकलं नाही, वरचं-खालचं तपासलं नाही, तुम्हाला विचारलं नाही. चूक माझी, आप्पा. तुमचा वळू सावलीत राहिला असता.

ते ऐकत होते, पण माझं शेवटचं त्यांच्या कानात गेलंच नाही असं वाटलं. कपाळाला हात लावून ते म्हणाले, "म्हंजी आमच्याच मिठानं पाडली म्हना की नुमाइश."

"नाही आप्पा. मीठ वरवर होतं. त्यानं खांबाला काहीच झालं नव्हतं. माझा रिपोर्ट चुकला."

"तुमच्या मशिनीला मीठ घावलं. मीठ आमचं. साहेबाला फसवाया लावलेलं." ते मान हलवत राहिले. "लबाडी केली, ती फिरून आली."

मी पुन्हा समजावलं. तीनदा, चारदा. त्यांनी मला कडब्याच्या सावलीत सरकून बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि दुसरं बोलायला लागले.

नांदेडला परतल्यावर मुळेसाहेबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. त्यांनी जुनी फाइल काढून माझ्यासमोर ठेवली.

"दुसरा रिपोर्ट लिहायचा का?" मी विचारलं.

"लिहायचा असेल तर लिहा. मी अडवत नाही. तसाच्या तसा वर पाठवतो."

इथेही मला कुणी अडवलं नाही, हे लक्षात घ्या. मी कागद घेतला. "पूर्वीच्या अहवालात माझ्याकडून" एवढं लिहिलं. मग वाटलं, स्लॅब उतरला, इमारत तर आता गेलीच. कुणाला काय फायदा? प्रमोशनची यादी त्याच महिन्यात निघणार होती, तेही मनात होतं. लपवत नाही. मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. उद्या लिहू म्हटलं. प्रमोशन झालं, बदली झाली, ड्रॉवर दुसऱ्याचा झाला. खात्याच्या फाइलीत आजही नुमाइशीचं काँक्रीट सडलेलंच आहे, खाली माझी सही.

पंधराएक वर्षांनी त्याच भागात एका पुलाच्या कामावर होते. रस्त्यात जनावरांचा बाजार लागला म्हणून जीप थांबली. एक तरुण शेतकरी आपला खोंड विजेच्या खांबाला बांधून त्या खांबाला मीठ चोळत होता. शेजारचा मध्यमवयीन माणूस त्याच्यावर खेकसला.

"ए, मीठ नको लावू! मिठानं आमची नुमाइश पाडली."

मी काच खाली केली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या गावच्या बसप्पानं. मरस्तवर हेच सांगत हुता बिचारा. आमी लबाड हुतो, आमच्या लबाडीनं हॉल बी गेला आन् वळू बी गेला, म्हनायचा. पोरासोरांना मिठाला हात लावू देत नव्हता."

"तसं नव्हतं ते," मी म्हणाले.

"मग कसं हुतं?"

ड्रायव्हर मागं वळून बघत होता. पुलावर लोक माझी वाट बघत होते. सांगायला दहा मिनिटं लागली असती, आणि शेवटी माझं नाव सांगावं लागलं असतं.

"काही नाही," मी म्हणाले आणि काच वर केली.

नव्या मुलामुलींना शिकवताना मी दोन गोष्टी सांगायचे. पहिल्या इंचाचं पीठ फेकून द्या, आणि जिथं नमुना घेता तिथं पूर्वी कोण उभं राहायचं ते विचारा. तिसरी सांगायला मला निवृत्त व्हावं लागलं. चूक कळली की त्याच दिवशी स्वतःच्या सहीनं लिहा. तुम्ही नाही लिहिली, तर ती ड्रॉवरमध्ये पडून राहत नाही. कुणीतरी साधा माणूस ती आपल्या नावावर घेतो आणि मरेपर्यंत वाहतो.